फॅटी ॲसिडपासून केलेलं औषध, ताईची केमो आणि दाजींचा हट्ट

गोदाकाठची | १२ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं पाककृती वाचायला येते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

माझी मोठी बहीण, वय ४७, राहते सिडकोत. ऑक्टोबरमध्ये डाव्या स्तनात गाठ लागली, बायॉप्सी झाली, रिपोर्ट आला ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या किंवा हर-टूच्या औषधांना दाद न देणारा. आधी केमो, मग ऑपरेशन असं ठरलंय. नाशकातच चालू आहे. पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, तीन सायकल झाल्या. गाठ हाताला लहान लागतेय असं डॉक्टर म्हणाले. केस गेले, तोंडाला चव नाही, पण उभी आहे.

आता मुद्दा. दाजींना कुणीतरी व्हॉट्सॲपवर एक इंग्रजी बातमी पाठवली. फॅटी ॲसिडला दुसरं एक औषध जोडून तयार केलेलं संयुग स्तनाच्या कर्करोगावर तपासलं जातंय, आणि त्यानं पेशी मरतात, असं त्यात आहे. दाजी आयुष्यभर सातपूरला लेथवर होते. एकदा डोक्यात माप बसलं की बसलं. त्यांनी दोन गोष्टी काढल्या आहेत. एक, ताईचं नाव या चाचणीत घालायचं, काय वाट्टेल ते करून. दोन, तोवर फॅटी ॲसिड पोटात जायलाच हवं म्हणून ओळखीतल्या एकानं ३८०० रुपयांची माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची बाटली दिली आहे, रोज तीन. शिवाय ओट्यावर जवसाची बरणी. पोळीत जवस, ताकात जवस.

मला कळत नाहीये की यात विरोध करण्यासारखं काही आहे का. तेलच तर आहे. कुणाला अनुभव?

---

निफाडचा_गारठा | १२ जानेवारी, रात्री ११:०२

ताईंना लवकर बरं वाटो. बाकी जाणकार येतीलच. धागा वर काढायला थांबलोय, बाहेर इतकी थंडी आहे की झोपही येत नाही.

---

तर्कटराव | १२ जानेवारी, रात्री ११:१५

तेलच तर आहे म्हणून ३८०० रुपये? त्या ओळखीतल्या माणसाच्या खाली अजून किती माणसं जोडलेली आहेत ते विचारा. साखळीवाला असणार.

---

पेट्रीडिश | १३ जानेवारी, सकाळी ७:२०

मी पेशींवर काम केलेली आहे (आता शाळेत विज्ञान शिकवते, ती वेगळी कथा). बातमी नेमकी कुठल्या संयुगाची, हे आधी बघा. 'फॅटी ॲसिडचं संयुग' म्हणजे 'गंगापूर रोडला राहतो' म्हटल्यासारखं आहे, त्यावरून घर सापडत नाही.

दाजींच्या बातमीशी जुळणारं एक जुनं उदाहरण मला ठाऊक आहे. २००५ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसच्या संशोधकांनी डीएचए हे माशाच्या तेलातलं फॅटी ॲसिड आणि प्रोपोफॉल हे भुलीचं औषध एकमेकांना रासायनिक बंधानं जोडलं. दोन्ही सुटी सुटी दिली तर कमी मात्रेत पेशींवर फारसा परिणाम नव्हता. जोडून दिली तेव्हा पेशींचं सरकणं, चिकटणं कमी झालं आणि बऱ्याच पेशी मेल्या. यातली गंमत लक्षात घ्या. नुसतं डीएचए दिलं तेव्हा ते झालं नाही. म्हणजे हा प्रयोग खरा धरला तरी कॅप्सूल घेण्याच्या बाजूनं तो काहीच सांगत नाही. उलटच सांगतो.

आता त्या पेशींबद्दल. त्यांचं नाव एमडीए-एमबी-२३१. १९७३ मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग रुग्णालयात ५१ वर्षांच्या एका बाईच्या छातीत साठलेल्या पाण्यातून त्या काढल्या. ट्रिपल निगेटिव्हवर काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत आजही त्याच वाढतायत. मीही वाढवल्यात. ३७ अंशाच्या कपाटात, गुलाबी पाण्यात, दर दोनतीन दिवसांनी पाणी बदलायचं. सूक्ष्मदर्शकाखाली लांबुळक्या दिसतात, चवळीच्या दाण्याला शेपूट फुटल्यासारख्या. एका सोमवारी मी मिठाचं प्रमाण चुकवलं तर सगळ्या मेल्या. मीठ कर्करोगावर औषध आहे असा पेपर मी लिहिला नाही.

बशीत पेशी मारणं अवघड नसतं. शेजारी यकृत, मूत्रपिंड, हृदय असताना फक्त त्याच मारणं, हे अवघड.

---

गुंगीवाला | १३ जानेवारी, सकाळी ८:०५

प्रोपोफॉलचं नाव निघालं म्हणून या व्यवसायातला माणूस जागा झाला. रोजच्या कामातलं औषध. दुधासारखं पांढरं दिसतं, कारण ते पाण्यात विरघळत नाही. सोयाबीन तेल आणि अंड्यातलं लेसिथिन यांच्यात घोटून देतात. म्हणजे ते आधीपासूनच तेलात असतं, दाजींना सांगू नका.

भुलीच्या औषधानं स्तनाचा कर्करोग परत यायचं प्रमाण बदलतं का, हे माणसांवर बघून झालंय. २१०० हून जास्त बायका, निम्म्यांना पाठीत मज्जातंतू बधिर करून प्रोपोफॉल, निम्म्यांना नेहमीची वायूची भूल. निकाल २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोन्हीकडे परत येण्याचं प्रमाण १० टक्केच. त्याआधी प्रयोगशाळेतल्या पेशींवरून आम्ही मंडळी फार आशेवर होतो.

---

जवसप्रेमी | १३ जानेवारी, दुपारी १२:४८

सगळे मिळून त्या दाजींवर तुटून पडलात. आहाराचा काहीच उपयोग नाही असं म्हणायचंय का? कॅनडात टोरंटोला खऱ्याखुऱ्या रुग्णांवर जवसाचा प्रयोग झालेला आहे. २००५ चाच. नुकतंच निदान झालेल्या, पाळी गेलेल्या बायकांना ऑपरेशनपर्यंत रोज २५ ग्रॅम जवस घातलेला मफिन दिला, दुसऱ्या गटाला बिनजवसाचा. ऑपरेशननंतर गाठ तपासली तर जवस खाणाऱ्यांत पेशी वाढण्याची खूण ३४ टक्क्यांनी उतरलेली होती. आपल्या आज्या जवसाची चटणी खातच होत्या. आता तेच मफिनमध्ये घालून तिकडून आलं की विज्ञान!

---

तर्कटराव | १३ जानेवारी, दुपारी १:१०

जवसप्रेमी, दोन्ही गट मिळून बायका किती ते लिहायचं राहिलं. ३२. आणि मोजली ती खूण, केआय-६७. बाई किती वर्षं जगली, रोग परत आला का, हे त्यात नव्हतंच. शिवाय जवसात लिग्नन्स नावाची इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं असतात, त्यांची कुरघोडी इस्ट्रोजेन या हार्मोनशी. ताईंचा ट्रिपल निगेटिव्ह, तिथं इस्ट्रोजेनचं दारच नाही.

चटणी खा. छान लागते. औषध म्हणून खाऊ नका.

---

जवसप्रेमी | १३ जानेवारी, दुपारी १:२२

३२ बायका तुमच्यासाठी आकडा असेल. आणि दार नाही म्हणता तर खिडकी असेल.

---

निफाडचा_गारठा | १३ जानेवारी, दुपारी १:३०

अवांतर: मिसळीच्या तर्रीत ओमेगा किती? विचारतोय कारण आमच्याकडं रविवारी सकाळी जी तर्री येते त्यात पाव बुडवला की अर्धा इंच फॅटी ॲसिड वर चढतं. तेवढ्यानं आरोग्य लाभत असतं तर आख्खं नाशिक अमर झालं असतं.

---

भद्रकालीकर | १३ जानेवारी, दुपारी २:१५

तर्री सोडा, घाण्याच्या शेंगदाणा तेलावर बोला. त्यातही फॅटी ॲसिडच असतं ना?

---

पेट्रीडिश | १३ जानेवारी, दुपारी ४:००

असतं की. शेंगदाणा तेलात ओलेइक ॲसिड बरंच, करडई-सूर्यफुलात लिनोलेइक, जवसात अल्फा-लिनोलेनिक, माशात ईपीए आणि डीएचए. फरक कार्बनच्या साखळीच्या लांबीचा आणि त्यातल्या दुहेरी बंधांचा. डीएचए म्हणजे २२ कार्बन आणि ६ दुहेरी बंध. माळेत जितके ढिले मणी तितकी ती वाकते आणि तितकीच लवकर तुटते. डीएचए पेशीच्या आवरणात जाऊन बसतं आणि ऑक्सिजननं चटकन खराब होतं, जवसाचं तेल उन्हात खवट होतं तसं. काही केमोची औषधं पेशीत नेमका असाच ऑक्सिजनचा जाळ करतात. म्हणून कल्पना अशी की गाठीतल्या पेशींत आधी डीएचए भरायचं आणि मग केमोची काडी लावायची.

ही कल्पना माणसांवर वापरली गेली आहे. फ्रान्समध्ये तूर गावात २५ बायका, रोग यकृत-फुप्फुसांत पसरलेला, केमोबरोबर रोज १.८ ग्रॅम डीएचए. २००९ मध्ये छापून आलं. ४४ टक्क्यांत गाठी आटल्या. ज्यांच्या शरीरात डीएचए जास्त मुरलं त्या मधल्या हिशेबानं ३४ महिने जगल्या, ज्यांच्यात कमी मुरलं त्या १८ महिने.

---

जवसप्रेमी | १३ जानेवारी, दुपारी ४:०६

मग? हेच तर म्हणतोय मी!

---

पेट्रीडिश | १३ जानेवारी, दुपारी ४:३१

थांबा हो. त्यात दुसरा गटच नव्हता. सगळ्यांना डीएचए दिलं. ज्यांचं पोट नीट, भूक नीट, तब्येत मुळातच बरी, त्यांच्यात तेल जास्त मुरणार आणि त्याच जास्त जगणार, असंही असू शकतं. म्हणून तो चाचणीचा दुसरा टप्पा झाला, तिसरा नाही; तिसऱ्यात नव्याची जुन्या औषधाशी समोरासमोर तुलना होते. आणि जवसातल्या फॅटी ॲसिडचं डीएचए होतच नाही म्हणा ना, आपलं शरीर त्यातलं फार थोडं तिथवर नेतं.

---

तर्कटराव | १३ जानेवारी, संध्याकाळी ५:५५

तिसऱ्या टप्प्यात काय होतं त्याचाही दाखला आहे. डीएचएला पॅक्लिटॅक्सेल जोडलं होतं, म्हणजे ताईंना जे चालू आहे तेच औषध. कल्पना सुरेख: गाठीला चरबी हवी असते, ती आपल्या हातानं विष ओढून घेईल. उंदरांत फार छान चाललं. मग माणसांत, त्वचेच्या मेलॅनोमावर, ३९३ रुग्ण, समोर जुनं स्वस्त डाकार्बाझिन. निकाल २०११ मध्ये आला. जुन्यापेक्षा सरस नाही. संपलं.

उंदरांना कर्करोग झाला तर काळजीचं कारण नाही. सगळी औषधं त्यांच्याकडं आहेत.

---

सुलभा_सिडको | १३ जानेवारी, रात्री ९:४०

गोदाकाठची, मी तुझ्या ताईच्याच बाजूला, त्रिमूर्ती चौकाजवळ राहते. नऊ वर्षं झाली माझ्या ऑपरेशनला. माझा हार्मोनवाला होता, पाच वर्षं टॅमॉक्सिफेन, म्हणजे हार्मोन अडवणारी गोळी, घेतली.

या फॅटी ॲसिडशी माझीही भेट झालेली आहे. गाठ लागायच्या आधी छाती दुखायची म्हणून प्रिमरोझच्या गोळ्या दिल्या होत्या, पिवळ्या फुगीर. त्यातही फॅटी ॲसिडच, जीएलए. नंतर मुलानं शोधून दाखवलं की इंग्लंडात नॉटिंगहॅमला ३८ बायकांना टॅमॉक्सिफेनबरोबर रोज २.८ ग्रॅम जीएलए दिलं होतं, २००० मध्ये, आणि सहा आठवड्यांत नुसत्या टॅमॉक्सिफेनपेक्षा लवकर फरक दिसला. मी तो कागद घेऊन माझ्या डॉक्टरांकडं गेले. ते हसले नाहीत. नीट वाचला, म्हणाले, "छान आहे, पण छोटं आहे. तुमची रोजची गोळी चुकवू नका." घरी येऊन मला त्यांचा रागच आला होता. माणसाला अशा वेळी हातात धरायला काहीतरी स्वतःचं लागतं गं. केमो डॉक्टरांची, सलाइन सिस्टरची, आपलं काय? तर जवस.

तुझ्या दाजींचं तेच चाललंय. त्यांना नुसतं नको म्हणू नकोस, दुसरं काहीतरी काम दे. आमच्या ह्यांनी वही धरली होती. कधी ताप, कधी जुलाब, सीबीसीचा (रक्तातल्या पेशींच्या तपासणीचा) आकडा, कुठल्या हाताला सुई. ती वही डॉक्टर माझ्या आधी मागायचे.

---

गोदाकाठची | १३ जानेवारी, रात्री १०:१५

सुलभाताई, वाचून डोळ्यात पाणी आलं. वहीचं उद्याच सांगते. दाजी मायक्रोमीटरनं लिहितील.

---

नीलाक्षी | १४ जानेवारी, सकाळी १०:०५

तिळगूळ घ्या. मी औषधांच्या चाचण्यांची कामं बघते, रुग्णांची कागदपत्रं, भेटी वगैरे. दोन वेगळ्या गोष्टी सांगते.

आधी बाटली, कारण ती जास्त तातडीची. ताईंना कार्बोप्लॅटिन आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे प्लॅटिनमवालं. नेदरलँड्समध्ये २०११ मध्ये उंदरांत असं दिसलं की प्लॅटिनमची केमो दिल्यावर शरीरातल्या काही मूळ पेशी दोन खास फॅटी ॲसिडं सोडतात आणि त्यांच्यामुळं गाठ त्या केमोला दाद देईनाशी होते. त्यातलं एक, सोळा कार्बनवालं, बाजारातल्या काही माशाच्या तेलांत आणि हेरिंग-मॅकरेलमध्ये सापडलं. २०१५ मध्ये त्याच लोकांनी माणसांच्या रक्तातही तेल घेतल्यावर ते वाढतं असं दाखवलं. माणसांत केमो खरोखर फिकी पडते का, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण तिथल्या कर्करोग संस्थेनं केमोच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत हे टाळा असं सांगितलं. म्हणजे 'तेलच तर आहे' असं नाही. बाटली उचला आणि पुढच्या भेटीत कर्करोगाच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. झाकण न उघडता.

चाचणीचं नंतर लिहिते, घरी गुळाची पोळी तव्यावर आहे.

---

पेट्रीडिश | १४ जानेवारी, सकाळी १०:४०

हे मी लिहायला हवं होतं. कार्बोप्लॅटिन हा शब्द वाचूनही डोळ्याखालून गेला. नीलाक्षी, आभार.

---

जवसप्रेमी | १४ जानेवारी, सकाळी ११:३०

हे माझ्यासाठी नवीन आहे. कॅप्सूल थांबवा हे पटलं. चटणीवर मात्र मी ठाम.

---

भद्रकालीकर | १४ जानेवारी, दुपारी ३:२०

चाचणीवर माझं स्पष्ट मत. गरिबाला प्रयोगाचा उंदीर करतात. माझ्या चुलत्यांना एका मोठ्या शहरात सह्या घेऊन कसल्यातरी अभ्यासात घातलं होतं. इंग्रजी कागद, चौदा पानं, सही इथं करा, इथं करा, इथं करा. कसली सही ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. दाजींना म्हणावं या फंदात पडू नका.

---

नीलाक्षी | १४ जानेवारी, रात्री ८:५०

भद्रकालीकर, तुमच्या चुलत्यांच्या बाबतीत झालं ते चूकच. मी त्याचं समर्थन करणार नाही. अशाच प्रकारांनंतर नियम कडक झाले. २००९ च्या जूनपासून चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवणं सक्तीचं आहे, संकेतस्थळावर कुणीही बघू शकतं. २०१९ मध्ये नवे नियम आले. संमतीपत्र रुग्णाला समजेल त्या भाषेत हवं, मराठी माणसाला मराठीत. नवं रसायन असेल आणि रुग्ण नाजूक परिस्थितीतला असेल तर संमती घेताना व्हिडिओही करावा लागतो. चाचणीमुळं इजा झाली तर उपचार आणि भरपाई. आणि रुग्ण कधीही, कारण न देता बाहेर पडू शकतो, त्यानं पुढचे नेहमीचे उपचार अडत नाहीत. चौदा पानं असतात हे खरं. मी पानापानाला थांबते आणि विचारते, "काय समजलं ते तुम्ही मला सांगा." एकदा एक आजी म्हणाल्या, "पोरी, तुला समजलं का ते आधी सांग." रास्त होतं.

आता दाजींसाठी. अगदी नवं औषध माणसांत पहिल्यांदा येतं तो पहिला टप्पा, थोडी माणसं, मात्रा किती झेपते एवढंच बघायला. कर्करोगात तिथं बहुतेक करून असे रुग्ण घेतात ज्यांच्यावर नेहमीचे उपचार करून झालेत. ताईंचा रोग बरा करायच्या हेतूनं उपचार चालू आहेत आणि गाठ लहान होतेय. चालू उपचार मध्येच सोडून अशा टप्प्यात जाणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. आणि संयुग अजून पेशी-उंदरांतच असेल तर नाव घालायला चाचणीच नाही, दाजींनी कितीही जोर लावला तरी.

एक ध्यानात ठेवा. 'चाचणीत घेतो, अमुक इतके भरा' असं कुणी म्हणालं तर तिथून सरळ उठा. तपासलं जाणारं औषध रुग्णाला विकत देत नसतात.

---

गुंगीवाला | १४ जानेवारी, रात्री ९:३०

भद्रकालीकरांना एक उलटं उदाहरण. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी चालवलेली चाचणी. ऑपरेशनच्या सातदहा मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेन टोचायचं. हो तेच, दाताच्या डॉक्टरचं, मी रोज वापरतो ते. देशातली ११ केंद्रं, १६०० बायका, निम्म्यांना टोचलं, निम्म्यांना नाही. निकाल २०२३ मध्ये आला: पाच वर्षांनी रोगाविना असलेल्या ८६.६ टक्के, न टोचलेल्यांत ८२.६. जिवंत ९०.१ विरुद्ध ८६.४. खर्च किरकोळ. कंपनीला यात फायदा नाही, म्हणून कंपनीनं हे कधी केलंच नसतं. त्या १६०० जणींनी सही केली म्हणून कळलं.

---

भद्रकालीकर | १४ जानेवारी, रात्री ९:४४

हे ऐकलं नव्हतं. तरी चौदा पानं ती चौदा पानं.

---

तर्कटराव | १४ जानेवारी, रात्री ९:५०

गुंगीवाले, मग ताईंच्या ऑपरेशनच्या वेळी हे विचारता येईल ना? फॅटी ॲसिडपेक्षा हा प्रश्न सर्जनला विचारण्यासारखा आहे.

---

गुंगीवाला | १४ जानेवारी, रात्री ९:५८

जरूर विचारावं. एक बारकावा: त्या अभ्यासातल्या बायकांना ऑपरेशनआधी केमो झालेली नव्हती. ताईंची झालेली असेल. तेव्हा आकडे जसेच्या तसे लागू नाहीत. सर्जन काय म्हणतील ते म्हणतील.

---

निफाडचा_गारठा | १५ जानेवारी, सकाळी ६:३५

इतक्या पहाटे बागेत शेकोट्या करून आलो आणि धागा वाचतोय. बायको विचारते एवढं काय वाचता. म्हटलं, तेल.

---

गोदाकाठची | १८ जानेवारी, रात्री ९:२०

आज भेट होती. बाटली टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी लेबल वाचलं, चष्मा काढून परत वाचलं. मग दाजींना विचारलं, "रोज तीन? कधीपासून?" दाजी म्हणाले, "तीन आठवडे." डॉक्टर एवढंच म्हणाले, "उरलेल्या तुम्ही घ्या, केमो संपेपर्यंत पेशंटला नको." ओरडले नाहीत, पण दाजींचा चेहरा असा झाला की मलाच कसंतरी झालं. तीन आठवड्यांनी काही बिघडलं का, हे त्यांनी दोनदा विचारलं. सोनोग्राफीत गाठ ३.४ सेंटीमीटरवरून १.९ वर आली आहे, म्हणजे केमो तिचं काम करतेय, असं डॉक्टरांनी आकडा दाखवून सांगितलं तेव्हा कुठं दाजी खुर्चीला टेकले. मापाचा माणूस.

बातमी पण दाखवली. पेशींवरचं काम आहे, चाचणी अशी नाहीच. पेट्रीडिश, तुमचा अंदाज बरोबर. ऑपरेशनच्या आधी मुंबईला एकदा दुसरं मत घ्या असं डॉक्टर स्वतःच म्हणाले. तर पुढच्या आठवड्यात परळ.

लिग्नोकेनचं दाजींनी वहीत लिहून घेतलंय. पान पहिलं, ओळ पहिली.

---

सुलभा_सिडको | १८ जानेवारी, रात्री ९:४५

अगदी छान झालं. परळला जाताना नुसते रिपोर्ट नेऊ नका, बायॉप्सीच्या काचा आणि मेणाचा ब्लॉक लॅबकडून मागून घ्या. तिथं पुन्हा तपासतात. माझा ब्लॉक द्यायला इथल्या एका लॅबनं चार दिवस घालवले होते, म्हणून उद्याच अर्ज करा. आणि रेल्वेची सवलत विसरू नका. कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला मिळते, हॉस्पिटलमधून फॉर्म सही-शिक्क्यानिशी आणावा लागतो. सकाळची पंचवटी धरा, दादरला उतरा. राहायची वेळ आली तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, टाटाच्या रुग्णांची तिथं सोय होते.

---

मोठी_बहीण | १९ जानेवारी, दुपारी ३:१०

मी ती ताई. आजच खातं काढलं.

धाकटीनं फोन चार्जिंगला लावला तेव्हा धागा उघडाच होता. सगळा वाचला, दोन दुपारी लागल्या. माझ्या गाठीबद्दल सदतीस जण बोलले असतील असं वाटलं, मोजले तर नऊच निघाले. त्यात एक शेकोटीवाले.

राग आला नाही. थोडा आला. जवस खाऊ की नको, चाचणीत जाऊ की नको, यावर एवढी चर्चा झाली आणि त्या बाईला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. तेव्हा सांगते. कॅप्सूल मी पहिल्या आठवड्यानंतर घेतच नव्हते. ढेकरेला मासळीचा वास यायचा आणि मी शाकाहारी. रोज तीन कुंडीत टाकत होते. हे तुमच्या दाजींना मी काल रात्री सांगितलं. ते उठून गॅलरीत गेले, तिथं ती कुंडी होती, मग परत आत आले. बोलले काही नाहीत, पण नंतर झोप लागली त्यांना.

चाचणीबद्दल: पुढं कधी कुणी खरोखरीच विचारलं तर मी चौदाच्या चौदा पानं वाचून सही करेन. नीलाक्षीताई, मराठीत असतात ना नक्की?

चटणीबद्दल: जवसप्रेमी, कृती टाका. सध्या फक्त तिखटच तोंडाला कळतं.

---

नीलाक्षी | १९ जानेवारी, दुपारी ३:३२

असतात. मराठी कधीकधी अशी असते की इंग्रजी बरं वाटावं, पण असतात. समजलं नाही तर अडून बसायचं, तो तुमचा हक्क आहे.

---

जवसप्रेमी | १९ जानेवारी, दुपारी ४:०५

ताई, वाटीभर जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, पाच-सहा सुक्या मिरच्या, लसूण सालीसकट चार पाकळ्या, जिरं, मीठ. खलबत्त्यात कुटा, मिक्सरला लावलात तर तेल सुटून लगदा होतो. तोंड आलं असेल तर मिरच्या निम्म्या.

---

तर्कटराव | १९ जानेवारी, दुपारी ४:२०

सालीसकट लसूण? खोबरं कुठंय?

---

जवसप्रेमी | १९ जानेवारी, दुपारी ४:२३

खोबरं तुमच्याकडं. आमच्याकडं नाही.

---

निफाडचा_गारठा | १९ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

मोठी बहीण, शेकोटीवाला हजर आहे. पुढच्या महिन्यात बाग उतरते. सिडकोत दोन किलो पोचवतो, पत्ता इथं लिहू नका, निरोप पाठवा.

---

मोठी_बहीण | १९ जानेवारी, संध्याकाळी ७:०२

भाऊ, पांढऱ्या पेशी कमी आहेत. फळ सोलूनच खा म्हणून सांगितलंय. द्राक्षं सोलत कोण बसणार?

---

निफाडचा_गारठा | १९ जानेवारी, संध्याकाळी ७:०४

दाजी. मायक्रोमीटर आहे ना त्यांच्याकडं.

---

मोठी_बहीण | १९ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

😄 बेदाणे पाठवा. शिऱ्यात शिजवून चालतील.